येणाऱ्याचं ताट

माह्यासारखा नकला करणारा माणूस अख्ख्या नागपुरात दुसरा नाही. एखादा असंनही, पण तो स्टेजवर करते अन् लोकं टाळ्या वाजवते. मी पानठेल्यावर करतो अन् लोकं थुकाले बाजूले जाते. त्या सकाळी मी फुलाबाईचीच नक्कल करून राहिलो होतो. एक हात कमरेवर, दुसऱ्या हातात मेथीची जुडी धरल्यासारखी, मान वाकडी, अन् आवाज नाकातून... "बंडू, तोंड बंद ठेवाचं काय घेशीन गा?" ठेल्यावरचे हसले, अन् तेवढ्यात खिशातला फोन वाजला. बालगृहातल्या अधीक्षक मॅडमचा होता. म्हणे, "बंडूभाऊ, फुलाबाई पहाटे गेल्या हो... दवाखान्यातच." मी फोन ठेवला, पण कमरेवरचा हात काही खाली घेतला नाही. ठेलेवाला म्हणे, "पुढचं कर ना गा, ते पोरगं सांबार सांडवते तं बाई काय म्हणते ते." मी म्हटलं, संपली. तो म्हणे, "एवढीच?" मी म्हटलं हो भाऊ, एवढीच होती...

फुलाबाई म्हणजे पंचफुलाबाई. तुम्ही तिले ओळखाचं काही कारण नाही. शहराच्या एका टोकाले आमचं बालगृह आहे. ज्यायले घर नाही, का घर आहे पण तिथं ठेवता येत नाही, अशी लहान लेकरं तिथं राहते. त्यायले उठवणं, आंघोळ घालणं, नखं कापणं, डोक्यातल्या उवा काढणं, ताप आला तं कपाळावर पट्ट्या ठेवणं, अन् कोणी कोपऱ्यात जाऊन बसलं तं त्याच्याजवळ जाऊन बसणं, हे आमचं काम. कागदावर त्याले काळजीवाहक म्हणते. पोरं तिले मावशी म्हणत अन् मले काका. ती माह्याआधीपासून होती अन् मी रिटायर झाल्यावरही होती. मधात जेवढा काळ मी तिथं होतो, तेवढा काळ मी बोलून राहिलो होतो अन् ती मेथी निवडून राहिली होती. आता पेपरच्या पुरवणीत तिच्याबद्दल कोणीतरी लिहा असं मॅडमनं सुचवलं. मले लिहिता येत नाही. सही येते, ती बी दर खेपेस वेगळी. म्हणून मी बोलून राहिलो अन् लिहून राहिली रंजना. रंजना आमच्याकडेच वाढली, दहा वर्षाची झाली तशी पोरींच्या गृहात गेली, शिकली, अन् आता फिरून आमच्याच इथं मावशी म्हणून लागली आहे. हे तिचं खरं नाव नाही. पेपरात लेकरायची नावं द्याची नाही, असं मॅडमनं सांगतलं. मी म्हटलं, ही काय आता लेकरू आहे का? तं हीच म्हणे, "बदलूनच द्या काका. तेवढंच एखादं नवीन नाव अंगावर पडन."

मी तिथं लागलो तो काही सेवा बिवा कराले नाही. कळमन्याच्या मार्केटात मी संत्र्याच्या पेट्या उचलत होतो. कमर गेली. कोणीतरी म्हटलं का बालगृहात पोरं सांभाळाले माणूस पाह्यजे. मी गेलो. मॅडमनं विचारलं, "लहान मुलांचा काही अनुभव?" मी म्हटलं, "आहे ना मॅडम, मी स्वतः लहान होतो." मॅडम हसल्या नाही, पण दुसरं कोणी आलं नव्हतं म्हणून मले ठेवून घेतलं. तर तो पहिला दिवस. संध्याकाळी जेवणाची वेळ झाली. जेवणाच्या खोलीत भिंतीले ताटायची मांडणी. लेकरं एकामागं एक आली, मांडणीतून आपापलं ताट काढलं, पट्टीवर जाऊन बसली. कोणी कोणाले वाढून आणून देत नव्हतं. फक्त दरवाजाजवळ एक ताट आधीच मांडून ठेवलेलं. भाजी, वरण, दोन पोळ्या, पाण्याचा गिलास, वरून दुसरं ताट झाकलेलं. मी म्हटलं वा रे वा! पहिलाच दिवस अन् नव्या स्टाफचा असा मान! बसलो. झाकण काढलं. जेवलो. सगळी लेकरं जेवण सोडून माह्याकडेच पाहून राहिली होती. मले वाटलं पोरायले आपण आवडून गेलो. म्हणून मंग मी गालात पोळी भरून माकडाचं तोंड केलं. एक बी हसलं नाही. फुलाबाई भिंतीजवळ पाटावर, माह्याकडे पाठ करून, मेथी निवडत बसली होती. शेवटी एक शेंबडं पोरगं हळूच म्हणे, "काका, ते येणाऱ्याचं ताट होतं."

कोण येणारा, हे विचारेपर्यंत बाहेर गाडी थांबली. एक पोलीसबाई एका लहानशा पोरीले घेऊन आत आली. पोरीच्या हातात टीव्हीचा रिमोट होता. घरातून काढून आणतानी हाती लागला तो तिनं धरला, अन् सोडाले तयार नव्हती. फुलाबाई उठली, दरवाजाजवळच्या ताटाकडे पाह्यलं. ताट चाटूनपुसून साफ. मी नुकताच ढेकर दिला होता. ती मांडणीकडे गेली, आपलं स्वतःचं ताट काढलं, आपल्या वाट्याचं त्याच्यात वाढलं, त्याच जागेवर ठेवलं, अन् फिरून पाटावर जाऊन बसली... त्या पोरीकडे पाठ करून. मी म्हटलं हे काय? पोरगी घाबरून गेली आहे, हिनं तिले जवळ घ्याले पाह्यजे, काही बोलाले पाह्यजे. मी माकडाचं तोंड कराले पुढं गेलो, तं बाईनं मागं न पाहताच हात आडवा केला. आम्ही सगळे खाली मान घालून बसलो. पहिले रडण्याचा आवाज आला. मंग बराच वेळ काहीच नाही. मंग रिमोट जमिनीवर ठेवल्याचा आवाज आला. मंग पोळी तोडल्याचा.

ती पोरगी म्हणजे रंजना. आत्ता लिहिता लिहिता थांबली अन् म्हणे, "वरण थंड होतं, तेवढं आठवते." मी म्हटलं गरम मी खाल्लं होतं ना.

फुलाबाईचा हा रिवाज होता. दोन्ही टाइम, कोणी येवो न येवो, एक ताट मांडलेलं पाह्यजे. बहुतेक दिवशी कोणीच येत नसे, अन् सगळ्यायची ताटं धुऊन झाल्यावर मंग ते ताट ज्याले भूक असंन त्याले जाई. मी तिले म्हणो, "बाई, तू रोज नवं गिऱ्हाईक बोलावते वं." ती म्हणे, "आलेल्या लेकराले 'थांब, वाढते' म्हणा नाही लागलं पाह्यजे. त्याच्यापायी धावपळ झाली असं त्याले वाटते. आधीच ते कोणाच्या तरी डोक्यावर ओझं होऊन आलेलं असते." एवढं मोठं वाक्य मी तिच्या तोंडून दुसरं ऐकलं नाही. अन् त्या रिवाजाची दुसरी बाजू अशी का मांडलेलं ताट नवं आहे तोवरच. कोणी दोन दिवस त्याच्यावर जेवे, कोणी महिनाभर. मंग एक दिवस लेकरू आपल्या पायानं मांडणीकडे जाई अन् स्वतः ताट काढे. कोणी टाळ्या वाजवाच्या नाही, कोणी शाबास म्हणाचं नाही. सगळे जेवले, ताटं धुतली, का फुलाबाई खिळा घेऊन त्या ताटाच्या मागं एक खूण काढे. कोणाची पतंग, कोणाचा मासा. रंजनाचा रिमोट. आता ते ताट त्याचं, अन् ते धुणंही त्याचं. माह्या ताटाच्या मागं तिनं काय काढलं माहीत आहे? एक उघडं तोंड. दात बी काढले, अन् माह्या तोंडात नाही तितके काढले.

मले वाटे का मी त्या घराचा जीव आहे. पोरं हसते तं माह्यामुळं हसते. एकदा खापरखेड्याकडचं एक पोरगं आलं, सहा-सात वर्षाचं. आमच्या गच्चीवरून आकाश साफ असलं का उत्तरेकडे पॉवर स्टेशनची धुराडी दिसते. त्याचा बाप तिथं ठेकेदाराकडे कामाले होता, तो गेला अन् पोरगं उघडं पडलं. आल्याबरोबर मी त्याले हाती घेतलं. मांजर केलं, मंत्री केला, गाढवावर बसलेला मंत्री केला. पोरगं हसे! मी एक करो, ते दोनदा हसे. मी मॅडमले सांगतलं, रमलं पोरगं, पहिल्याच दिवशी. फुलाबाई मले मोरीकडे घेऊन गेली अन् म्हणे, "सोड त्याले." मी म्हटलं, काहून? हसून राहिलं ना. ती म्हणे, "ते तुह्यासाठी हसून राहिलं गा, भैताडा. तू नाराज होशीन म्हणून. सकाळपासून ते तुलेच सांभाळून राहिलं. त्याले दम तं घेऊ दे."

त्या दिवशी पहिल्यांदा मी बसलो गप. मले वाटलं होतं मी लेकरायले सांभाळतो... अन् एक एवढंसं पोरगं, बाप जाऊन पंधरवडा नाही झाला, ते माह्यासारख्या घोड्याले सांभाळत होतं. मंग फुलाबाई रोज दुपारी त्याले गच्चीवर न्याले लागली. ते धुराड्याकडे पाहत उभं राहे अन् ती त्याच्याकडे पाठ करून कपडे वाळू घाले. वाळलेले बी काढून फिरून घाले. काही दिवसानं त्याची आजी आली अन् कागदपत्रं करून घेऊन गेली. जाताना पोरानं मले हात केला अन् मांजराचा आवाज काढला. खरं सांगतो, माह्यापेक्षा चांगला काढला.

खूप वर्षानं मी तिले विचारलं, "फुलाबाई, त्या पहिल्या दिवशी मी ताटावर बसलो तं मले उठवलं काहून नाही वं? पोरगी येणार आहे म्हणून फोन तं आधीच आला होता." ती तशीच, पाठ माह्याकडे, मेथी हातात. म्हणे, "तू बी नवाच होता." मी त्याच्यावर काहीतरी जोक मारला. कोणता ते आठवत नाही, म्हणजे चांगला नसंन. पण ते चार शब्द माह्या अंगातून काही गेले नाही. मी खोलीवर एकटा राहणारा माणूस. लग्न ठरलं होतं, पोरीनं मले पाह्यलं अन् मोडलं. तिची अक्कल शाबूत होती. कळमन्यात बी मी होतो तं पेट्यायसोबत होतो. अन् ह्या बाईनं मले पहिल्या दिवशी पाहून ओळखलं होतं का हा बी कोणीतरी आणून सोडलेलाच आहे.

मंग वय झालं, मी रिटायर झालो. शाल दिली, नारळ दिला, मी भाषणाच्या ऐवजी सगळ्यायच्या नकला केल्या, सगळे हसले, अन् दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठून आंघोळ करून चप्पल घालून दरवाजात उभा... जाऊ कोठं? नोकरी संपली म्हणजे ताट संपलं, हे मीच ठरवून टाकलं. कोणी मले म्हटलं नव्हतं. पण आता आपण बाहेरचे, उगाच जाऊन लेकरायच्या वाट्याचं काहून खा? तरी राहवत नसे. कधी संत्री घेऊन जाओ, कधी नळाचा वायसर बदलाले जाओ. नळ चांगला असला तं मीच थोडा ढिला करो अन् मंग बसवो. जेवणाची वेळ झाली का फुलाबाई विचारे, "जेवला का गा?" मी म्हणो, "जेवूनच निघालो ना वं, पोटाले तडस लागली." अन् खोलीवर येऊन दुधात टोस्ट बुडवून खाओ. ती कधी आग्रह करत नसे. मांडणीकडे एकदा पाहे अन् आपलं काम करे. मले वाटे, विचारते ती बी वरवरच.

मंग ती दवाखान्यात भरती झाली. मी भेटाले गेलो. वॉर्डात गेल्याबरोबर मी सुरू. डॉक्टर केला, सिस्टर केली, सलाइनची बाटली केली. बाजूच्या पलंगावरची बाई हसून हसून खोकाले लागली. फुलाबाईनं थोडं पाह्यलं अन् भिंतीकडे कूस बदलली. पाठ माह्याकडे. मी म्हटलं, कंटाळली बाई. मी अजून एक आयटम सुरू केला, तो मधातच अटकला. काय झालं माहीत नाही. तिची ती पाठ दिसली, वाळून गेली होती, ब्लाउज ढिला झाला होता... अन् माह्या नाकाडोळ्यातून पाणी सुरू झालं. रुमाल तं मी बाळगत नाही, बाहीनंच पुसलं. ती हलली नाही. बऱ्याच वेळानं तसंच भिंतीकडे पाहत म्हणे, "झालं का?" मी म्हटलं, "काय?" म्हणे, "काही नाही. जा आता, उशीर झाला तं बस नाही भेटन." आमचं शेवटचं बोलणं ते. मी चिडून निघालो. इतक्या दुरून आलो अन् ही तोंड बी दाखवत नाही!

तेव्हा समजलं असं म्हटलं तं खोटं होईन. तेरवी कन्हानले तिच्या भावाच्या घरी होती. मी गेलो. भाऊ दरवाजात उभा होता, म्हणे, "आपण?" मी म्हटलं, बंडू. तो म्हणे, "कोण बंडू?" इतक्या वर्षात मी तिले माह्या मोडलेल्या लग्नापासून मूळव्याधीपर्यंत सगळं सांगून टाकलं होतं, अन् तिले एक भाऊ आहे हे मले मॅडमकडून समजलं. मी कधी विचारलंच नाही. विचाराले पहिले थांबा लागते. मी म्हटलं, सोबत कामाले होतो. त्यायनं चांगलं बसवलं मले. पत्रावळ मांडली, पाणी ठेवलं, "घ्या ना पाहुणे, लाजू नका" म्हणत वाढलं. अन् घरची माणसं मात्र आतबाहेर करून राहिली होती, कोणी उभ्या उभ्याच खात होतं, कोणी आपल्या हातानं टोपल्यातून घेत होतं, त्यायले कोणी घ्या म्हणत नव्हतं. मी त्या मांडलेल्या पत्रावळीसमोर बसलो, घास तोंडात गेला नाही, अन् तेव्हा उमजलं का त्या दिवशी दवाखान्यात ती कंटाळली नव्हती. तिनं मले जागा करून दिली होती. रंजनाले दिली तशी, धुराडेवाल्याले दिली तशी. अन् आता पाठ करून बसणारं कोणीच नव्हतं. सगळे माह्याकडे पाहून राहिले होते का हा पाहुणा जेवत काहून नाही. म्हणून मी जेवलो. दोनदा मागून घेतलं, अन् एक जोक बी सांगतला. कोणी हसलं नाही. तेरवीत कोण हसते?

मंग किती दिवस मी तिकडे फिरकलोच नाही. जाओ तं कोणाच्या नावानं जाओ? नळ कोणासाठी ढिला करो? ठेल्यावर लोकं म्हणे, ते मेथीवाल्या बाईची कर ना गा. मी म्हणो विसरलो. मागच्या हप्त्यात एका संध्याकाळी पाय आपोआप वळले. हातात संत्री नाही, खिशात वायसर नाही. जेवणाची वेळ होती. लेकरं मांडणीतून ताटं काढून राहिली होती, अर्ध्यायचे चेहरे मले नवे. भिंतीजवळ फुलाबाईचा पाट तसाच ठेवलेला, त्याच्यावर कोणी बसलं नव्हतं, बाजूले मेथीची जुडी. अन् दरवाजाजवळ रंजनानं ताट मांडून ठेवलेलं, झाकलेलं. मी उभा राहून पाहत राहिलो. म्हटलं, बाई नसलेल्या घरात आपण आज पहिल्यांदाच आलो. इथं माह्यापेक्षा नवा कोण आहे? कोणी काही म्हणाच्या आत मी त्या ताटासमोर बसलो. झाकण उचललं. वरणाची वाफ तोंडावर आली... अन् अख्ख्या खोलीतली लेकरं जेवण सोडून माह्याकडे पाहाले लागली, तशीच, पहिल्या दिवसासारखी.

रंजना पळी घेऊन आली अन् समोर उभी राह्यली. पुढचं ती लिहाले तयार नव्हती. म्हणे, काका, पेपरात बरं दिसत नाही. मी म्हटलं, लिही, जसं बोलली तसंच लिही.

"काका, उठा तिथून. माहं ताट खाल्लं एकदा, तेवढं पुरे झालं. ते येणाऱ्याचं आहे, अन् तुम्ही का आता नवे आहे? तुमचं ते तोंडवालं ताट मांडणीत आहे, आपल्या हातानं घ्या. अन् जेवल्यावर नीट घासा, तुम्ही धुतलेल्या ताटाले नेहमी वरण राहते."